सोन्याशेजारी चांदी घालून बघाच!

सध्या मला कुणीही भेटलं की मी आधी उजवं मनगट पुढे करते. बघा ना! आईची सोन्याची पाटली आणि तिला खेटून चांदीचं मकरमुखी कडं. कोल्हापूरच्या गुजरीत मिळालं. सगळं कडं पांढरंशुभ्र, फक्त दोन्ही मकरमुखांना सोन्याचा मुलामा. दुकानातच पाटलीशेजारी चढवून बघितलं आणि मी तिथेच उभी राहिले. काउंटरवरच्या काकांनी आरसा पुढे केला, पण मला आरसा नकोच होता. मी हातच बघत होते.

कारण ती पाटली मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसली. लहानपणापासून बघत आलेय मी ती! पण चार सोन्याच्या बांगड्यांच्या मधे सगळंच पिवळं, त्यात पाटलीचं वेगळं काय दिसणार? चांदी शेजारी आली आणि बावीस कॅरेटचा तो किंचित लालसर, उबदार रंग एकदम वर आला. कडेची नक्षी उठून दिसायला लागली. आणि चांदीही तेवढीच खुलली, एरवी साधी वाटते ती एकदम थंड, टवटवीत दिसली. आमटीत चिंच पडल्यावर गुळाची गोडी कळते ना, अगदी तसं!

आपल्या घरांतून सोनं आणि चांदी वेगळी ठेवायची शिस्त असते. कमरेच्या वर सोनं, खाली चांदी. सोनं म्हणजे लक्ष्मी, ते पायात घालायचं नाही, म्हणून पैंजण, जोडवी, मासोळ्या चांदीच्या. पण म्हणजे प्रत्येक नवरीच्या अंगावर दोन्ही धातू असतातच की! कमरेला खोचलेला चांदीचा छल्ला तर सोन्याच्या पाटल्यांपासून वीतभर अंतरावर असतो. आणि मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो पैठणीमुळे. खरी जर म्हणजे मुळात चांदीची तार, तिच्यावर सोन्याचा मुलामा. ज्या पदराकडे बघून आपण ‘फक्त सोनंच शोभेल’ म्हणतो, त्याच्या पोटात चांदी आहे! हे कळल्यापासून मी पैठणीवर चांदीचं कडं अगदी हक्काने घालते.

पॅरिसच्या कार्तिएने तर 1924 मध्येच तीन रंगांची तीन वेढी एकमेकांत अडकवून ‘ट्रिनिटी’ अंगठी केली. कवी जाँ कोक्तो ती करंगळीत मिरवायचा. आज तिची जी पिवळी, गुलाबी आणि पांढरी वेढी मिळतात, ती तिन्ही सोन्याचीच. अठरा कॅरेट म्हणजे 75 टक्के सोनं. उरलेल्या पाव भागात तांबं जास्त पडलं की गुलाबी रंग येतो, पॅलेडियमसारखा पांढरा धातू पडला की फिकट. मग रंग वेगळे म्हणून भांडण कसलं? एकाच घरातली भावंडं आहेत ती!

आता जमवायचं कसं, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये. दुसऱ्या धातूची एकच वस्तू घातली तर ती चुकून राहिल्यासारखी दिसते, म्हणून ती आणखी कुठेतरी दिसू द्या. हातात चांदीचं कडं असेल तर कानात चांदीचे डूल, किंवा बोटात एखादी अंगठी. आणि दोन्ही रंग असलेला एक दागिना हवाच हवा, माझ्या कड्याच्या मुखांसारखा. तो दोघांची ओळख करून देतो आणि मग सगळं आपोआप जुळतं. दुरंगी पट्ट्याचं घड्याळही हे काम झकास करतं; फक्त ते दुसऱ्या हातात घाला, कारण बावीस कॅरेटचं सोनं मऊ असतं आणि स्टीलच्या घासण्याने त्यावर चरे पडतात.

झळाळीकडेही बघा. काळपट ऑक्सिडाइज्ड चांदी जुन्या, वापरून मंदावलेल्या सोन्याबरोबर काय सुंदर दिसते! ठुशीखाली ऑक्सिडाइज्ड चांदीची लांब माळ घालून बघा, साध्या इरकलीवर. नव्याकोऱ्या चकचकीत सोन्याबरोबर मात्र चांदीही लखलखीत हवी. सोनेरी पाणी दिलेला खोटा दागिना खऱ्या सोन्याशेजारी मी कधीच घालणार नाही. दोन पिवळे रंग एकमेकांना मारतात. त्यापेक्षा खरी चांदी शतपटीने बरी आणि खिशालाही परवडणारी. नथ मात्र मोत्यांची आणि सोन्याचीच हवी, तिथे माझी तडजोड नाही.

माझ्या आत्याने माझा हात बघितला, काही बोलली नाही. थोड्या वेळाने विचारते, “अगं, माझ्या तोड्यांबरोबर जाईल का असलं कडं?” जाईल! आत्या, नक्की जाईल!

तर नवीन काही घ्यायला धावू नका. घरातला डबा काढा. आजीचं कडं, कॉलेजात घेतलेली चांदीची अंगठी, लग्नातल्या पाटल्या, सगळं एका टॉवेलवर पसरा, खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, आणि एकेक जोडी हातावर चढवून बघा. परत ठेवताना तेवढी चांदी सोन्यापासून वेगळ्या पुरचुंडीत, घट्ट बंद करून ठेवा. हवा लागली की ती काळी पडते.