फासा आणि भूमी

स्मरणिकेत शाळेच्या गौरवाचे चार शब्द लिहावेत, अशी प्रथा आहे. मी मात्र माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी लिहिणार आहे. ती चूक मला आपल्या वसतिगृहातील मुलांनी दाखवून दिली, आणि तीही फाशांच्या खेळातून.

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील ही गोष्ट. पोलादपूरकडचा पाऊस आपण सारे जाणताच. दोन दिवस वीज नव्हती. सायंकाळच्या वंदनेनंतर वसतिगृहात फेरी मारताना आठ-दहा मुले कंदिलाभोवती बसून फासे टाकताना दिसली. मी संतापलो. जुगार हे संपत्तीच्या नाशाचे एक कारण असल्याचे सिगालोवाद सुत्तात सांगितले आहे, हे याच मुलांना मी शिकवले होते. मी फासे उचलणार, तोच एक मुलगा म्हणाला, "सर, यात पैसे नाहीत. ही लढाई आहे."

पाहतो तर पुठ्ठ्यावर जावळीचे खोरे रेखाटलेले. सावित्री नदी, आंबेनळी घाट, प्रतापगड, दाट रान. आपल्या संगणक कक्षात 'बॅटल फॉर वेस्नॉथ' हा विनामूल्य युद्धखेळ आहे. त्यात प्रत्येक घाव लागला की हुकला, हे संगणक सोडतीसारखे ठरवतो. मात्र सैनिक कोणत्या भूमीवर उभा आहे, त्यानुसार घाव लागण्याची शक्यता कमी-जास्त होते. वीज गेल्यावर मुलांनी तोच खेळ पुठ्ठ्यावर उतरवला होता आणि संगणकाचे काम फाशाकडे सोपवले होते. युद्धाच्या खेळात फासा आणणे नवे नाही. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसवित्झ या अधिकाऱ्याने मांडलेल्या युद्धखेळातही सैन्याची हानी फाशांवरूनच ठरत असे.

मुलांचा नियम साधा होता. भालाईत एका वेळी तीन घाव घालणार. लागलेल्या प्रत्येक घावाने शत्रूचे ७ गुण कमी होणार. शत्रू मोकळ्या मैदानात असेल, तर फाशावर ३, ४, ५ किंवा ६ पडल्यास घाव लागला. शत्रू डोंगरात असेल, तर केवळ ५ किंवा ६ पडल्यासच लागला. भाला तोच, हात तोच, फासाही तोच. बदलली ती फक्त भूमी.

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. मैदानातील शत्रूवर तीनपैकी सरासरी दोन घाव लागतात, म्हणजे हानी १४. डोंगरात एकच लागतो, म्हणजे ७. मैदानातील शत्रूवरचे तिन्ही घाव फुकट जाण्याची शक्यता २७ मध्ये १. डोंगरात तीच २७ मध्ये ८. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाची भेट वाईच्या सपाटीवर न होता प्रतापगडाच्या पायथ्याशी का झाली, हे मी वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो. मुलांना ते त्या दिवशी आकड्यांत दिसले.

पण एक मुलगा रुसून बसला होता. त्याने शत्रूला मैदानात गाठले होते आणि तरीही त्याचे तिन्ही घाव हुकले होते. "माझं नशीबच फुटकं," तो म्हणाला. दुसऱ्याने त्याला समजावले, "अरे, तुझी चाल बरोबरच होती. सत्तावीसातला तो एक तुझ्या वाट्याला आला. पण मागे दुसरा भालाईत का नाही ठेवलास?"

ते वाक्य ऐकले आणि मला आपला एक माजी विद्यार्थी आठवला. पोलीस भरतीत दोन गुणांनी हुकला होता. दाखल्यासाठी शाळेत आला, तेव्हा मी त्याला म्हणालो होतो, "मेहनत कमी पडली तुझी." तो काही बोलला नाही. त्यानंतर तो शाळेकडे फिरकला नाही.

नियतीने सारे आधीच ठरवले आहे, हे मक्खली गोसालाचे मत बुद्धांनी नाकारले. पूर्वजन्मीच्या पापाचे नाव पुढे करून आपल्या वाडवडिलांना पाणवठ्यापासून दूर ठेवले गेले. तो फासा नव्हता, एका बाजूला शिसे भरलेला कपटाचा फासा होता. म्हणून 'नशीब' हा शब्द मी वर्गात येऊ दिला नाही. पण त्याच्या जागी मी दुसरे असत्य बसवले होते : मेहनत केली की यश मिळतेच. मग ज्याला यश मिळाले नाही, तो दोषीच ठरणार. डोंगर चढत लढणाऱ्या मुलाला आणि मैदानात उभ्या असलेल्या मुलाला मी एकाच मापाने मोजत होतो.

महाडचा इतिहास शिकवणाऱ्याने तरी असे करायला नको होते. १९२३ साली बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. तरी ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले आणि त्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला झाला. डिसेंबरात न्यायालयाचा मनाईहुकूम आला, तेव्हा बाबासाहेबांनी तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला; मनुस्मृतीचे दहन झाले आणि तळ्याची लढाई न्यायालयाच्या भूमीवर गेली. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. मधली दहा वर्षे कोणी त्यांना मेहनत कमी पडली, असे म्हणेल काय?

मी त्या माजी विद्यार्थ्याला शोधले आणि त्याची क्षमा मागितली. त्याने पुन्हा भरतीचा प्रयत्न केला. पुन्हा निवड झाली नाही. आज तो महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो आणि रविवारी आपल्या मुलांना मैदानावर पळण्याचा सराव देतो. मुलांना तो आधी एवढेच विचारतो, "ही भरती हुकली तर पुढचा अर्ज कुठे करणार?"

पालकांनो, निकालाच्या दिवशी आपल्या लेकराला नशिबाचे नाव सांगू नका, आणि लगेच दोषही देऊ नका. ते कोणत्या भूमीवर उभे राहून लढले, हे आधी पाहा. ती भूमी थोडी सपाट करणे, हेच तर या शाळेचे काम आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.