रोशाची भट्टी

घरात मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात माळवी, असा आम्हा नानाखेड्यातल्या मराठी कुटुंबांचा तिहेरी संसार. आपल्याकडचे एक गवतही असेच तीन नावांनी वावरते. खानदेशात ते रोशा, निमाडात तिखाडी आणि वैद्यांच्या पोथीत रोहिष. माझी आजी सांधेदुखीवर चोळायला त्याचे तेल शिशीत जपून ठेवी. एके काळी पिंपळनेर-नंदुरबारकडच्या भट्ट्यांतले हे तेल मुंबईहून तुर्कस्तानला जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. कारण दोहोंत जिरॅनिऑल असते. चांगल्या रोशातेलात तर ते सुमारे ८० टक्के.

माझा एक जुना विद्यार्थी आता शेती करतो. दोन एकरांवरचे सोयाबीन काढून त्याला रोशा लावायचा होता आणि भट्टीसाठी बायकोचे दागिने गहाण टाकायचे होते. म्हणाला, "सर, भट्टी मोठी घेतली की तेल जास्त निघेल ना?"

म्हटले, "भट्टी राहू दे, आधी गवत बघू."

शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही सारख्या वजनाचा फुलोरा आणि नुसते दांडे वेगवेगळे उकळले. फुलोऱ्याच्या नळीत तेलाचा स्वच्छ थर आला. दांड्यांच्या नळीत जेमतेम तवंग. म्हणजे कापणी भर फुलोऱ्यात हवी. ओले गवत थोडे सावलीत सुकवले की हंड्यात जास्त मावते आणि सरपणही वाचते.

जिरॅनिऑल एकटे उकळायला सुमारे २३० अंश लागतात. पण वाफेची सोबत मिळाली की ते शंभराच्या आतच निघते. मग जाळ भडकवायचा कशाला? गवत पाण्यात बुडाले तर तळाचे करपते आणि तेलाला करपट वास लागतो. म्हणून खाली पाणी, मध्ये जाळी आणि वर गवत. नळीभोवतीचे पाणी गार नसेल तर वाफ तेल घेऊन निसटते. तेलाखाली साचलेल्या पाण्यातही थोडे तेल विरघळलेले असते. ते पाणी पुन्हा हंड्यात घातले की हाती येते.

बियाण्याचीही गोम आहे. मोतिया आणि सोफिया या रोशाच्या दोन जाती दिसायला जवळजवळ सारख्या, पण सोफियाचे तेल हलके. लखनौच्या 'सीमॅप' संस्थेने, जी १९५९ पासून हेच काम करते, रोशाचे सुधारित वाण काढले आहेत. त्याला तेच बियाणे घ्यायला सांगितले.

शंभर किलो गवतातून साधारण अर्धा किलो तेल निघते, हा हिशेब त्याने वहीत मांडला आणि बराच वेळ गप्प बसला. शेवटी अर्ध्या एकरावरच रोशा लावला. पहिल्या वर्षी दुसऱ्याच्या भट्टीवर भाड्याने तेल काढले. दागिने पेटीतच राहिले.

जुने भट्टीवाले यातले पुष्कळ वासावरून ओळखत. त्यांच्या हातांना ते ठाऊक होते. त्यामागचे कारण मुलांना समजावून देणे आणि कर्ज काढण्याआधी समजावून देणे, एवढे तरी काम आमच्या शाळांनी करावे, असे मला वाटते.