वरातीमागून घोडे

वाणिज्य शाखेत आल्यावर पहिल्याच वर्षी आम्हांला एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट शिकायला मिळाली. नफ्यात असलेले दुकानही बंद पडू शकते. ताळेबंद पाहावा तर मालमत्ता भक्कम, येणे भरपूर, देणे त्या मानाने थोडे. आणि तरीही ज्या दिवशी घाऊक व्यापाऱ्याचे बिल भागवायचे, नेमकी त्या दिवशी गल्ल्यात रोकड नसते. पैसा आहे, पण वेळेवर नाही. म्हणून शहाणा व्यापारी ‘किती’ या प्रश्नाइतकाच ‘केव्हा’ हा प्रश्नही विचारतो.

उच्च शिक्षणाच्या पैशाविषयी आपल्या देशात जी चर्चा होते ती बहुतेक ‘किती’ची. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी असे सुचविले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पुन्हा सहा टक्क्यांचाच आकडा आहे. मधे अर्धशतक गेले, आकडा कागदावरच राहिला. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२१–२२ मध्ये पटनोंदणीचे ढोबळ प्रमाण २८.४ टक्के होते, आणि ते २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यायचे आहे. ही चर्चा अनावश्यक आहे असे मी म्हणणार नाही. परंतु आमच्यासारख्यांच्या घरात कॉलेज सुटते ते पुष्कळदा ‘केव्हा’ या प्रश्नापाशी. त्याविषयी थोडे लिहावे असे वाटते.

आधी खर्चाच्या बाजूचे महिने पाहू. कॉलेजचे प्रवेश उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाच्या तोंडावर होतात. प्रवेश फी, पुस्तके, वह्या, बसचा पास हे सारे एकाच महिन्यात. गाव लांब असेल तर खोलीची अनामत आणि खानावळीचे आगाऊ पैसेही त्याच महिन्यात. आता बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या भातशेती करणाऱ्या घराचे महिने पाहा. मृगाचा पाऊस पडला की बी-बियाणे, खत, नांगरट, मजुरी. वर्षभरात घरातली रोकड सर्वांत कमी असते ती नेमकी याच दिवसांत. भात विकून पैसा यायचा तो दिवाळीनंतर. म्हणजे ज्या महिन्यात मुलाने फी भरायची, त्याच महिन्यात बापाने जमिनीत पैसे पुरलेले असतात. हा बाप दरिद्रीच असतो असे नाही. डिसेंबरात हीच फी तो विनासायास भरील. पण प्रवेशाची शेवटची तारीख डिसेंबरात नसते.

यावर उपाय म्हणूनच शिष्यवृत्ती आहे, असे कोणी म्हणेल. शिष्यवृत्तीचे महिने पाहा. प्रवेश झाल्यावरच अर्ज करता येतो. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून आणायचा. आधार कार्डावरचे नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव आणि बँकेच्या पासबुकावरचे नाव ही तिन्ही अक्षरश: एक असावी लागतात. मराठी शाळेच्या दाखल्यावरचे नाव कन्नडमध्ये गेले आणि तिथून इंग्रजीत आले की ‘पाटील’ची दोन-तीन रूपे होतात, आणि प्रत्येक रूपापायी एकेक आठवडा जातो. मग कॉलेजची पडताळणी, मग खात्याची मंजुरी, मग रक्कम. मी मराठी शाळेत शिकले, पण गल्लीतल्या खेळात कन्नड बोलायला आणि पुढे वाचायलाही शिकले. त्यामुळे गेली दोन वर्षे वर्गातल्या आणि गावातल्या पुष्कळांचे अर्ज भरून द्यायचे काम माझ्याकडे आले आहे. मराठी सातवी झालेल्या वडिलांच्या मोबाइलवर इंग्रजीत संदेश येतो, आणि अर्ज कुठे अडला आहे हे त्यांना कळते ते त्यांचा मुलगा शनिवारी घरी आल्यावर. पैसा उशिरा येतो, आणि तो का उशिरा येतो आहे ही बातमीसुद्धा उशिरा येते.

सरकारला हे अगदी कळत नाही असे नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही या देशातली जुनी योजना, १९४४ पासूनची. २०१७–१८ ते २०१९–२० या वर्षांत केंद्राचे साहाय्य वर्षाला सुमारे ११०० कोटींवर आले होते आणि भार राज्यांवर पडला होता. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची योजना मंजूर केली. साठ टक्के केंद्राचे, बाकीचे राज्यांचे. राज्याने आपला हिस्सा दिल्यावर केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होईल असे ठरले. मधली गळती थांबावी हा हेतू चांगलाच आहे. पण याचा अर्थ असा की पहिले पाऊल दुसऱ्याने उचलल्यावाचून दुसरे पाऊल पडत नाही, आणि दोन्ही पावले पडेपर्यंत कॉलेजची खिडकी मिटलेली असते.

माझ्या वर्गातला एक मुलगा खानापूर तालुक्यातला. बारावीला हिशेबात आमच्या सर्वांपुढे असणारा. पहिल्या वर्षाची फी त्याच्या मामाने भरली. शिष्यवृत्ती आली की परत करायची, असे ठरले होते. मार्च आला, परीक्षा झाली, दुसऱ्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले. अर्ज ‘मंजूर’ दिसत होता, खाते रिकामे होते. मामाकडे दुसऱ्यांदा जायचे कसे? तो उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला लागला. “दोन महिने करतो आणि येतो,” असे आम्हांला सांगून गेला. पहिल्या वर्षाची रक्कम त्याच्या खात्यावर आली तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्राची परीक्षा तोंडावर होती. त्याने मामाचे पैसे चुकते केले. सरकारी नोंदीत तो लाभार्थी आहे, आणि ती नोंद खोटी नाही. मराठीत आपण याला वरातीमागून घोडे म्हणतो. आमच्या कन्नड मित्रांची म्हण याहून कडक आहे: ‘ऊरु कोळ्ळे होडेद मेले कोटे बागिलु हाकिदरु’, म्हणजे गाव लुटले गेल्यावर किल्ल्याचा दरवाजा लावला.

कर्जाचा मार्ग आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. तीत तारण नको, जामीन नको, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. पण ती देशातल्या निवडक नामांकित संस्थांसाठी. जाहीर झाली तेव्हा अशा संस्था ८६० होत्या. तालुक्याच्या गावी बी.कॉम. करणाऱ्याला ती लागू पडणे कठीण. शिवाय आम्हांला लागतात चार-पाच हजार रुपये, आठ-नऊ महिन्यांकरिता. एवढ्यासाठी बँकेची पायरी कोण चढणार आणि बँक तरी कोणाला दारात उभे करणार? मग सावकार, नातेवाईक, नाहीतर आईच्या कानांतले.

या प्रांतात शिक्षणाचे दार ज्यांनी उघडले त्यांनी ‘केव्हा’चे उत्तर फार पूर्वी दिले होते, असे मला त्यांची चरित्रे वाचताना वाटले. राजर्षी शाहू महाराजांचे शिक्षण काही काळ आपल्या धारवाडला झाले. १९०१ मध्ये त्यांनी कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे बोर्डिंग काढले आणि पाठोपाठ जैन, लिंगायत, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. खेड्यातला मुलगा शहरात आला त्या रात्री त्याला झोपायला जागा आणि दुसऱ्या सकाळी भाकरी हवी असते. वसतिगृह ही अशी शिष्यवृत्ती आहे की जी खर्चाच्या आधी पोचते.

कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेले. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढले. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिले, ते का? कारण भूक देणगीच्या तारखेपर्यंत थांबत नाही. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेही ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. आणि आपल्याच जिल्ह्यातले शिरसंगीचे लिंगराज देसाई १९०६ मध्ये वारले ते आपली संपत्ती शिक्षणासाठी ठेवून. पुढे १९१६ मध्ये सात शिक्षकांनी बेळगावात के.एल.ई. संस्था स्थापली आणि १९३३ मध्ये तिने सुरू केलेल्या कॉलेजला लिंगराजांचेच नाव दिले. तिथे शिकलेली कितीतरी मुले देणगीच्या वेळी जन्मलीही नव्हती. पैसा आधी, विद्यार्थी नंतर. हा क्रम त्या पिढीने उलटा होऊ दिला नाही.

हे सारे जुन्या काळातच शक्य होते असे नाही. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेखाली सरकारी साध्या बसमधून स्त्रियांना प्रवास मोफत झाला. मी आणि माझा चुलतभाऊ एकाच थांब्यावर एकाच बसला चढतो. मी कार्ड दाखवते, वाहक शून्य रुपयांचे तिकीट देतो, संपले. भावाला विद्यार्थी पासाचे पैसे आधी भरावे लागतात. माझ्या प्रवासाची प्रतिपूर्ती सरकार परिवहन महामंडळाला देते. ती उशिरा आली तरी तो हिशेब त्या दोघांचा, मला बसमधून उतरावे लागत नाही. शिष्यवृत्तीत हेच का होऊ नये? थांबायचेच असेल तर ज्याला थांबणे परवडते त्याने थांबावे.

येथे प्राध्यापकवर्ग विचारील की कॉलेजने तरी कुठवर थांबावे? प्रश्न रास्त आहे. विनाअनुदानित तुकडीवर शिकवणाऱ्यांचा पगार आमच्या फीतूनच होतो, आणि त्यांच्याही घरी किराण्याचे बिल महिन्याच्या महिन्याला येते. सार्वजनिक पैसा पडताळणीशिवाय वाटू नये हेही खरे. म्हणून मी फी माफ करा असे म्हणत नाही, पडताळणी सोडा असेही म्हणत नाही. माझी सूचना लहान आहे. प्रत्येक कॉलेजात एक फिरता निधी असावा. समजा, पन्नास विद्यार्थ्यांना प्रत्येकी चार हजार रुपये उसने द्यायचे, तर लागतात दोन लाख. शिष्यवृत्ती जमा झाली की ती रक्कम निधीत परत. पुढच्या जूनला तेच दोन लाख पुन्हा नव्या पन्नासांना. समजा, दहापैकी एकाकडून पैसे आले नाहीत. तर वर्षाला वीस हजारांची बुडीत कर्जाची तरतूद करावी लागेल. ती माजी विद्यार्थ्यांनी आणि आमच्या स्नेहसंमेलनाच्या वर्गणीतल्या थोड्याशा भागाने भरून निघण्यासारखी आहे. हिशेब ठेवायला वाणिज्य शाखेचे विद्यार्थी आहेतच, आणि मराठी, कन्नड दोन्ही भाषांत अर्ज भरून द्यायला आम्ही पाच-सहा जण तयार आहोत.

हे करण्यापूर्वी एक काम मात्र करावे. पहिल्या वर्षाचा हजेरीपट आणि दुसऱ्या वर्षाचा हजेरीपट शेजारी शेजारी ठेवावेत. दुसऱ्या पटात जी नावे नाहीत त्यांच्या घरी कोणीतरी जाऊन दोनच तारखा विचाराव्यात: पैसे केव्हा हवे होते आणि केव्हा आले. हे काम येत्या सुट्टीत होण्यासारखे आहे. प्रवेशाची खिडकी जूनमध्ये उघडते.