टोक्याचा पूल

गंगापूरहून नगरला जाताना एसटी कायगाव टोक्याच्या पुलावर आली की मी खाली गोदावरीकडे बघतोच. २३ जुलै २०१८ ला मराठा आरक्षणासाठी एका तरुणाने इथून उडी घेतली, जीव दिला. नोव्हेंबरात विधिमंडळाने १६ टक्क्यांचा कायदा केला, गुलाल उधळला गेला. ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. पारावर सगळ्यांनी कोर्टाला शिव्या दिल्या, मीही दिल्या. मग निकाल वाचला. ५० टक्क्यांची मर्यादा तर १९९२ पासूनचीच! कायदा करणाऱ्यांना ती ठाऊक होती. त्या पोराला ती कुणी समजावून सांगितली होती का? २०२४ मध्ये पुन्हा १० टक्क्यांचा कायदा झाला, पुन्हा गुलाल. यावेळी मी टाळी वाजवली नाही.