तेरावा गडी

मी ग्रुपवर एरवी फक्त वाचतो. काचीगुड्याच्या, सुलतान बाजाराच्या, बडी चावडीच्या आठवणी आल्या की बायकोलाही वाचून दाखवतो. आज पहिल्यांदाच लिहितोय, आणि आठवण काही फार चांगली नाही. ज्याच्याबद्दल आहे त्याला विचारून लिहितोय. तो म्हणाला, "लिही, पण माझं नाव घालू नको." म्हणून नाव नाही. घरात सगळे त्याला दादा म्हणायचो, इथेही दादाच.

दादा माझा आतेभाऊ. यंदा दिवाळीनंतर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे पंधरा दिवस होता. त्याची नात, म्हणजे मुलीची मुलगी, तिकडे टेक्सासात कॉलेजात शिकते आणि कॉलेजच्या टीममधून फुटबॉल खेळते. आपला फुटबॉल, ज्याला ते लोक सॉकर म्हणतात. हंगाम सुरू व्हायच्या आधीच सरावात तिचा गुडघा गेला, ऑपरेशन झालं. व्हिडिओ कॉलवर मी म्हटलं, "अरेरे, वर्ष गेलं की गं पोरी." तर ती हसली. म्हणाली, "नाही आजोबा, मी रेडशर्ट आहे."

मला काही कळेना. मग दादानेच समजावून सांगितलं. नातीकडून त्याने सगळं नीट विचारून घेतलं होतं, मास्तर ना शेवटी. तिथल्या वरच्या गटातल्या कॉलेजांत हिशेब असा: पूर्ण वेळ नाव घातलं की पाच वर्षांचं घड्याळ सुरू होतं, आणि त्या पाच वर्षांत खेळायचे हंगाम मिळतात चार. म्हणजे एक वर्ष हाताशी जास्तीचं. त्या वर्षी टीमबरोबर सराव करायचा, वर्गात बसायचं, शिष्यवृत्ती असेल तर ती चालू राहते, फक्त मॅच खेळायची नाही. मॅच खेळली नाही की तो हंगाम खर्ची पडत नाही. कुणी दुखापतीमुळे असं बसतं, कुणाला कोचच बसवतो, की पोरगं अजून कच्चं आहे, वर्षभर अंग भरू दे. त्यांच्या त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलमध्ये तर २०१८ पासून चार मॅच खेळलं तरी हंगाम शाबूत राहतो. नाव कुठून आलं? सरावात असल्या खेळाडूंना लाल शर्ट घालायला देत म्हणून. नेब्रास्का विद्यापीठातल्या एका खेळाडूने १९३७ साली आपण होऊन एक वर्ष नुसता सराव केला, तिथून ही रीत पडली असं सांगतात. अभ्यासाची अट मात्र कडक. दरवर्षी पदवीचा ठरलेला हिस्सा पुरा झाला नाही तर खेळ बंद.

दादा म्हणाला, "म्हणजे पोरीचं वर्ष वाया गेलं नाही रे. ठेवून दिलंय."

मी चहाचं बघतो म्हणून आत गेलो. का गेलो ते आता सांगतो.

दादाचं गाव देगलूरच्या बाजूला. १९७२ च्या दुष्काळात शाळा सुटली. आई-बापाबरोबर दोन वर्षं खडी फोडली, मग पुन्हा शाळेत जाऊन बसला, मिसरूड फुटलेला. नांदेडला बी.ए. केलं ते खो-खोच्या जोरावर. मी त्याला पळताना पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या गावच्या जत्रेत. एकेरी साखळीतून जाता जाता मध्येच गोल फिरायचा, मागचा उठलेला गडी नुसता हात हवेत मारायचा. नऊ मिनिटांच्या डावात तो एकटा निम्मा डाव खाई.

१९७८ च्या जुलैत तो मीटर गेजच्या गाडीने काचीगुड्याला उतरला, पत्र्याची ट्रंक घेऊन. उस्मानियात एम.ए. मराठीला प्रवेश घेतला आणि आमच्याकडे राहिला. माझे बाबा त्याचे मामा, तेव्हा दुसरीकडे राहायचा प्रश्नच नव्हता. दोन खोल्या, सहा माणसं. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, आणि मलाही खो-खोचं वेड. रोज पहाटे सायकलवर डबल सीट कॅम्पसच्या मैदानात जायचो. आर्ट्स कॉलेजची ती गुलाबी दगडाची इमारत उजाडताना काय दिसायची! असो.

तेव्हा मैदानावर खेळापेक्षा कोण 'एलिजिबल' याचीच चर्चा जास्त. आपल्याकडे ते ठेवून देणं वगैरे नाही. तुम्ही खेळा नाहीतर घरी बसा, वर्षं सरतच जातात. आजचे नियम सांगायचे तर आंतरविद्यापीठ स्पर्धेला वय १७ ते २५, बारावी होऊन आठ वर्षांच्या आत, कमीत कमी वर्षभराच्या अभ्यासक्रमाला नियमित विद्यार्थी, पूर्ण वेळ नोकरी नको, आणि एका वर्षात दोन विद्यापीठांकडून खेळायचं नाही. आमच्या वेळीही साधारण हेच कानावर यायचं. म्हणून पदवी संपली की खेळाडू लोक दुसरा कोर्स धरत. कुणी लॉ, कुणी दुसरं एम.ए. ग्रंथालयशास्त्राला नाव घातलेला एक कबड्डीवाला आमच्यात होता. लायब्ररी कुठे ते त्याला विचारलं तर म्हणे, "काइकू रे मियाँ, किताब होना क्या?"

आणि अजून एक नियम, ज्यात दादा अडकला. तात्पुरता प्रवेश चालत नाही. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्याने मायग्रेशन सर्टिफिकेट दिल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही, आणि पक्का झाल्याशिवाय खेळता येत नाही. दादाने त्याचा अर्जच उशिरा केला. फीचे पैसे साठवायला वेळ लागला आणि घाई आहे हे त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. इतर कुणाचा त्यात काही दोष नाही.

नोव्हेंबरात संघ ठरला. नऊ खेळणारे, तीन राखीव, असे बारा. दादाचं नाव वरच्या तिघांत. माझं नाव तेराव्या नंबरावर, म्हणजे नव्हतंच. सरांनी सांगितलं, सोमवारी दुपारी यादी वर जाणार, तोवर सर्टिफिकेट आलं पाहिजे, नाहीतर दादाच्या जागी मी.

शनिवारी दुपारी पोस्टमन आला. रजिस्टर पाकीट. बाबा ऑफिसात, आई शेजारी, दादा मैदानात. मी सही करून पाकीट घेतलं. लांबट, खाकी, वर विद्यापीठाचा शिक्का. आत काय आहे ते न फोडता कळत होतं.

मी ते माझ्या अकाउंटन्सीच्या पुस्तकात ठेवलं. विचार करून ठेवलं असं नाही. संध्याकाळी देऊ म्हटलं. संध्याकाळी दादा आला, आईने पिठलं केलं होतं, तो जेवताना दोनदा म्हणाला, "मामी, आज टपाल आलं का हो?" आई म्हणाली नाही. मी ताटात बघत होतो. रविवारही तसाच गेला. सोमवारी संध्याकाळी दिलं, "दादा, हे आज आलं."

त्याने पाकीट उलटंपालटं करून बघितलं, ट्रंकेत ठेवलं, आणि म्हणाला, "जाऊ दे. तू नीट खेळ."

मी गेलो. विद्यापीठाचा ब्लेझर मिळाला. शेवटच्या सामन्यात आपण हरणारच होतो तेव्हा सरांनी मला पळतीला पाठवलं. दीड मिनिटात बाद.

पण ते दीड मिनिट माझ्या आयुष्याला पुरलं, तेच सांगायचंय. विद्यापीठाकडून खेळल्याचा कागद म्हणजे काय चीज आहे हे तेव्हा मला पुरतं कळलं नव्हतं. केंद्र सरकारच्या नोकरीत गुणी खेळाडूंसाठी जी सोय आहे, त्यात आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलेला माणूस बसतो. पहिला, दुसरा नंबर लागत नाही, विद्यापीठाकडून खेळलं पाहिजे एवढंच. १९८१ साली मी त्या कागदावर क्लार्क म्हणून लागलो. घर झालं, मुलांची शिक्षणं झाली, आज पेन्शन खातोय.

दादा पुढच्या वर्षी खेळणार होता. पण १९७९ च्या उन्हाळ्यात आत्याचे यजमान अंथरुणाला खिळले आणि तो गावी परतला. एम.ए. अर्धंच राहिलं. शेती बघितली, मग मास्तर झाला. नोकरी लागली की विद्यापीठाचा खेळ संपला. त्याच्या खो-खोचा विद्यापीठात कुठे एक कागद नाही.

तर त्या दिवशी मी चहा घेऊन बाहेर आलो. दादाच्या डोळ्याला हिरवी पट्टी, तो खिडकीकडे तोंड करून बसलेला. सत्तेचाळीस वर्षं झाली होती. मी म्हटलं, "दादा, ते पाकीट सोमवारी नव्हतं आलं."

तो म्हणाला, "माहीत आहे. मागे काचीगुडा पोस्टाचा शिक्का होता. शनिवारचा."

मला काही सुचेना. बऱ्याच वेळाने विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललास?"

"मामाच्या घरी राहत होतो रे. मामी रोज गरम भाकरी वाढायची. काय बोलणार?"

चहा घेतला आम्ही. बायको येऊन डोळ्यात थेंब घालून गेली. मला वाटलं विषय संपला. तर थोड्या वेळाने तो म्हणाला, "किती वेळ पळालास रे तिथे?"

"दीड मिनिट."

"कुठे बाद झालास? मध्ये की खांबावर?"

"खांबावर."

"तुला तेव्हाही सांगत होतो," दादा म्हणाला, "खांबाजवळ थांबत जाऊ नको म्हणून."