समूह कीं समास?

३५ वर्षें मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें कोणताहि विषय वाचावयास घेतला तरी व्याकरण मध्यें येतेंच. सेवानिवृत्तीनंतर रसायनशास्त्रावरील सोपीं पुस्तकें वाचतांना मला हाच अनुभव आला. समास शिकवितांना आम्ही एक भेद प्रथम सांगतों. ‘राजाचा पुरुष’ यांत दोन पदें एकमेकांजवळ उभीं असतात. ‘राजपुरुष’ यांत तीं एक होतात, आणि एक होतांना मधला विभक्तिप्रत्यय लोप पावतो. पहिला नुसता समूह, दुसरा समास. आज घरोघर दिसणाऱ्या प्लॅस्टिक-नायलॉनचें शास्त्र याच एका प्रश्नांतून वाढीस लागलें, हें कळल्यावर मला मोठें नवल वाटलें.

रबर, कापूस, रेशीम, पिष्ट हे पदार्थ मीठ-साखरेसारखे वागत नाहींत. विसाव्या शतकाच्या आरंभीं बहुतेक विद्वानांचें मत असें होतें कीं, यांचे रेणु लहानच असून ते दुर्बल आकर्षणानें केवळ गोळा झालेले असतात. १९२० सालीं झुरिच येथील जर्मन अध्यापक हेर्मान श्टाउडिंगर यांनीं याविरुद्ध मत मांडलें. हा समूह नव्हे. असंख्य लहान घटक खऱ्या रासायनिक बंधांनीं एकापुढें एक जोडले जाऊन झालेली ही एकच लांब सांखळी होय, असें त्यांचें म्हणणें. अशा रेणूस पुढें त्यांनीं ‘महारेणु’ या अर्थाचें नांव दिलें.

नुसतें मत सांगून ते थांबले नाहींत. द्विबंधांच्या शिल्लक आकर्षणामुळें रबराचे लहान रेणु एकत्र राहतात, असें प्रतिपक्ष म्हणे. श्टाउडिंगर यांनीं रबराशीं हायड्रोजनाचा संयोग करून ते द्विबंधच नाहींसे केले. समूह असता तर तो विखुरला असता; परंतु पदार्थाचा स्वभाव बहुतांशीं पूर्वीचाच राहिला. तरीहि हाइन्रिख वीलांड यांच्यासारख्या थोर रसायनज्ञानें त्यांना हा नाद सोडण्याचा सल्ला दिला. सल्ला स्नेहाचाच होता. आपणहि मुलांना असेच सल्ले देतों. म्हणून सांगतों, वडिलकीचा शब्द आदरानें ऐकावा, पण प्रमाण मानावें तें प्रयोगासच. श्टाउडिंगर यांना नोबेल पारितोषिक मिळालें तें १९५३ सालीं, वयाच्या ७२ व्या वर्षीं.

अमेरिकेंत विल्मिंग्टन येथें वॉलेस कॅरोथर्स यांनीं १९२८ पासून दुसरी वाट धरली. सृष्टींतील तयार समास तपासण्याऐवजीं ते स्वतःच पदें जोडून नवे समास रचूं लागले. १९३५ सालीं, प्रत्येकीं सहा कार्बन-अणु असलेलीं दोन द्रव्यें जोडून त्यांच्या प्रयोगशाळेंत नायलॉन सिद्ध झालें. या जोडणींत प्रत्येक सांध्यापाशीं पाण्याचा एक रेणु गळून पडतो. अगदीं आमच्या विभक्तिप्रत्ययासारखा! १९४० सालीं नायलॉनचे पायमोजे अमेरिकाभर विक्रीस आले. पण तें पाहण्यास कॅरोथर्स उरले नव्हते. दीर्घ मनोव्यथेनें ग्रासलेल्या या बुद्धिमंतानें १९३७ सालीं, ४१ व्या वर्षीं, आपली जीवनयात्रा संपविली.

माझ्या आईला सोवळ्यांत रेशीम चाले, नायलॉन चालत नसे. तिचा विचार आचाराचा होता. रसायनदृष्टीनें पाहतां दोहोंतील सांधा एकाच जातीचा. जानव्याचें सूत आणि ताटांतला भात, यांतहि महारेणूच आहेत.

खरा भेद आहे तो हा समास सुटण्यांत. भातांतील पिष्टाचा विग्रह आपल्या लाळेपासूनच सुरू होतो. सूत मातींत पडलें कीं सूक्ष्म जंतु त्याचा विग्रह करतात. पॉलिथिनच्या पिशवीपुढें मात्र त्यांचें फारसें कांहीं चालत नाहीं. ज्या बंधाच्या बळकटीचें आपण कौतुक केलें, तीच आतां नदीनाल्यांस भोंवली आहे. २०१८ सालीं महाराष्ट्र शासनाला अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घालावी लागली. २०१६ सालीं जपानी संशोधकांनीं बाटल्यांचें प्लॅस्टिक पचविणारा एक जंतु जगापुढें आणला, ही त्यांतल्या त्यांत आशेची गोष्ट.

समास रचतां येणें ही अर्धी विद्या. विग्रह करतां येणें ही उरलेली अर्धी. पहिलीवरच थांबणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही वरच्या वर्गांत घालीत नसूं. मनुष्यजातीचीहि आज हीच परीक्षा चालू आहे.