आठवड्याचा हिशेब

आमच्या साताऱ्याकडे सूर्यनमस्काराला व्यायाम म्हणत नसत, ती शिस्त होती. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले, १९२८ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. संस्थान गेलं, नमस्कार राहिले. आमचे नाना रोज पहाटे घालायचे. शहाबादी फरशीवर त्यांच्या घामेजल्या तळव्यांचे ठसे उमटत आणि ते वाळायच्या आत मी माझे हात त्यात बसवून बघायचे. आधी नमस्कार, मग चहा. घरात अपील नव्हतं.

लग्न होऊन डोंबिवलीला आले आणि पहाट दुसऱ्यांची झाली. पाणी, डबे, मुलाची स्कूलबस, मग फास्ट लोकल. सहाव्या नमस्काराला कुकर शिट्टी द्यायचा. सोसायटीतल्या कितीतरी जणींनी जिमचे वर्षाचे पैसे एकदम भरले. तब्येत सुधारली ती जिमवाल्याची.

नानांची शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर होती. राजेसाहेबांचं तर विचारायलाच नको. ज्यांची सकाळ त्यांच्या हातात, त्यांनी खुशाल 'रोज' म्हणावं.

जागतिक आरोग्य संघटना मात्र मोठ्या माणसांना आठवड्याचं माप देते: मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटं, शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काहीतरी. पूर्वी सलग दहा मिनिटांची अट होती, २०२०मध्ये तीही गेली. म्हणजे दादरचा जिना भरभर चढलात तर तोही धरायचा. (सरकता जिना धरू नये.)

माझं गणित असं बसलंय. आठवड्यातून तीन संध्याकाळी स्टेशनवरून घरी झपाझप चालत, अर्धा तास. रिक्षाच्या रांगेतही तेवढाच जातो. रविवारी तासभर फिरणं, पोह्यांचं नवऱ्याकडे. झाली दीडशे. बुधवार-शनिवार नमस्कार, दम लागेपर्यंत. त्यात हातांवर अंगाचा भार येतो, म्हणून ते ताकदीच्या खात्यात. मार्चअखेरीला सगळं कोलमडतं, एप्रिलमध्ये पुन्हा मांडते.

नानांना हे पटत नाही. "अगं, जेवतेस का आठवड्यातून दोनदा?" असं फोनवर विचारतात.

तुमच्याकडे रोजचा अर्धा तास असेल तर नानांचंच ऐका. नसेल तर कॅलेंडर काढा, आणि पहिला वार असा निवडा की त्या दिवशी घरी पोचल्यावर भाजी दुसरं कोणीतरी चिरणार आहे.